ओली धावपट्टी: व्ही-वन उतरवायचा की वजन?
धावपट्टी ओली झाली की ब्रेकची पकड घटते आणि थांबायचं अंतर वाढतं.

निर्णयवेग म्हणजे व्ही-वन, ज्यानंतर उड्डाण रद्द न करता पुढेच जायचं असतं, तो कमी केला, तर उड्डाण रद्द करताना थांबायला जास्त पट्टी उरते. एकही बॅग उतरवावी लागत नाही. म्हणून आधी हाच मार्ग पाहावा. पण त्या वेगानंतर लगेच इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या जोरावर वेग घ्यायला पट्टी जास्त खर्च होते. नियम इथे सवलत देतात: इंजिन गेल्यावरही उड्डाणाचं अंतर संपताना कोरड्यात 35 फूट उंची गाठावी लागते, ओल्यात 15 फूट चालते. थांबण्याच्या हिशेबात रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा उलटा वळवलेला जोरही फक्त ओल्या पट्टीवर धरता येतो, त्यामुळे रिव्हर्सर निकामी असेल तर आकडे पुन्हा काढलेच पाहिजेत. आणि व्ही-वन व्हीएमसीजीच्या, म्हणजे जमिनीवर विमान ताब्यात ठेवायच्या किमान वेगाच्या, खाली नेता येत नाही. त्याखाली एक इंजिन गेलं तर नुसत्या रडरने, म्हणजे शेपटीच्या सुकाणूने, विमान सरळ राहत नाही.

वजन घटवलं की थांबण्याचं आणि उडण्याचं, दोन्ही अंतरं कमी होतात. पट्टी आखूड असेल तर हेच बरं. पाणी 3 मिलिमीटरपेक्षा जास्त साचलं, तर ओल्या पट्टीचे तक्ते चालत नाहीत, वेगळे वापरावे लागतात आणि वजन बहुधा उतरवावंच लागतं. आधी माल उतरवा. राखीव इंधनाला हात लावू नका.