फोनमधले ओळखपत्र: वर्षभराच्या वापरानंतर

फोनमधले ओळखपत्र आल्यावर छापील कार्ड बंद करावे, अशी एक सूचना आहे. गेले वर्षभर मी छापील ओळखपत्र कपाटात ठेवून, शक्य तिथे फोनमधलेच दाखवत आलो आहे. सेवा मला मनापासून आवडली. मात्र पाकीट हलके झाले यापेक्षा, समोरच्याला गरजेपुरतीच माहिती देता येते, हा तिचा मोठा गुण वाटतो.

छापील कार्ड हाती दिले की केवळ वयाची खात्री करू पाहणाऱ्यालाही आपला पत्ता आणि क्रमांक वाचता येतो. त्यातून झेरॉक्स घेतली गेली, तर ती कोणत्या फायलीत किती वर्षे पडून राहील, हे कळायला मार्ग नसतो. मोबाइल वाहनपरवान्यासाठी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १८०१३-५ या मानकात, जन्मतारीख उघड न करता ‘वय १८ पूर्ण आहे’ एवढेच सांगण्याची सोय आहे आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेची डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे माहिती खरी असल्याची सांकेतिक खूण, इंटरनेट नसतानाही तपासता येते.

व्यवहारात मात्र ही सोय बहुधा वापरलीच जात नाही. एका खिडकीवर कर्मचाऱ्याने माझा उघडा फोनच मागून घेतला, पडद्यावरचा फोटो पाहिला आणि नाव रजिस्टरमध्ये उतरवले. असे चित्र कोणालाही बनवता येते; स्कॅन न करता नुसते पाहणे ही पडताळणी नव्हे, आणि खासगी संदेशांसह फोन परक्याच्या हाती देणे छापील कार्ड देण्याहून कितीतरी धोक्याचे आहे.

एस्टोनिया या युरोपीय देशाचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. तिथल्या कार्डात चिप असते आणि ओळख पटवण्यासाठी एक, तर स्वाक्षरीसाठी दुसरा पिन लागतो. २०१७ मध्ये सुमारे साडेसात लाख कार्डांच्या चिपमध्ये सुरक्षेची त्रुटी आढळली आणि नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन ओळख आणि स्वाक्षरीसाठी लागणारी त्यांची डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली, तरी तेच कार्ड प्रत्यक्ष दाखवायचे ओळखपत्र म्हणून वैध राहिले. छापील कार्ड बंद करण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे तो यामुळेच. शिवाय ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, त्यांची ओळख दुसऱ्याच्या फोनवर अवलंबून राहू नये.

गेल्या महिन्यात मी फोन बदलला. नव्या फोनवर ओळखपत्र पुन्हा घेण्यासाठी ॲपने छापील कार्डाचा फोटो मागितला, तेव्हा ते कपाटातून काढले. आता ते पुन्हा पाकिटात असते.