न्हाणीचं पाणी वांग्यांना: नऊ महिन्यांनंतर

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते आमच्याच लातुरात. त्या उन्हाळ्यात अंघोळीचं पाणी धरून ठेवून संडासात ओतायची सवय लागली, ती आजही सुटलेली नाही. म्हणून गेल्या दिवाळीत न्हाणीचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी परसातल्या भाजीकडे वळवलं, तेव्हा घरात नाक मुरडलं ते फक्त सासूबाईंनी.

मांडणी साधी आहे. दोन ड्रम: पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात खाली खडी आणि वर वाळू. पुढे कर्दळीचा वाफा, आणि तिथून वांगी, दोडका, कारल्याची आळी. प्लंबरसकट सात हजारांच्या आत भागलं. स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणीही घेऊन पाहिलं, पण आठवड्यात वाळूवर तेलाचा चिकट थर धरला. ते बंद केलं.

सुरुवातीला हौसेने ठिबक बसवलं होतं. केस आणि कपड्यांचे तंतू अडकून पंधरा दिवसांत चोक! आता मशीनच्या पाइपाला जुना नायलॉनचा मोजा बांधलाय आणि आळ्यांत साधा पाइप सोडते, वर पालापाचोळा. एकदा लग्नाला म्हणून चार दिवस गावी गेलो, ड्रम भरलेलाच राहिला. परत येऊन झाकण उघडलं आणि जेवण गेलं नाही. तेव्हापासून आजचं पाणी आजच संपवायचं.

खरा दणका मार्चमध्ये बसला. आळ्यात पाणी मुरेना, तळ्यासारखं उभं राही. वाळल्यावर वर कडक पापुद्रा, खुरपं मारलं की ढेकूळच निघे. वांग्याच्या पानांच्या कडा करपल्या. मी खत घालत बसले. भाऊ शेती करतो, तो मातीचा गोळा बोटांत चुरत म्हणाला, "ताई, ही चोपण व्हायला लागली. पावडर कुठली वापरतेस?" धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, त्यातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, मग छिद्रं बुजतात. आमची काळी माती म्हणजे चिकणमातीच. त्याने जिप्सम घालायला लावलं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीतून हुसकतं, पण ते खाली धुऊन जायला वर चांगलं पाणी लागतं. म्हणून आठवड्यातून एक पाळी साठवलेल्या पावसाच्या पाण्याची, तेही संपलं की नळाच्या पाण्याची. पावडर सोडून पातळ साबण आणला, तोही निम्माच घालते. जूनच्या पावसानंतर माती पुन्हा भुसभुशीत झाली.

मेथी, कोथिंबीर, मुळा या पाण्यावर लावत नाही. कच्चं खायचं किंवा मातीला टेकणारं काहीच नाही. लेक बाळंतपणाला आली होती तेव्हा लंगोटांचं पाणी सरळ गटारात सोडलं. अंघोळीच्या पाण्यातही जंतू असतातच, त्यात भर कशाला? पाणी बुडाशी द्यायचं, पानांवर शिंपडायचं नाही.

वांगी मात्र अशी लागली की शेजारी वाटून झाली. अर्थात पाणी कुठलं ते ऐकून दोघींनी पिशवी परत केली. बाजारातली भाजी कुठल्या नाल्यावर पिकली, हे त्या विचारतात का, देव जाणे.

सासूबाई आता भरलं वांगं आवडीने खातात. नैवेद्याचं वांगं मात्र अजून मंडईतूनच येतं.