सीपीआरची डमी: सात महिने वापरल्यावर

ईएमटी बेसिकचा, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार द्यायचा कोर्स चालू असताना आम्ही चौघी मैत्रिणींनी वर्गणी काढून सीपीआरची (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायची आणि तोंडानं श्वास द्यायचा, त्याच्या सरावाची) डमी घेतली, नुसती डोकं आणि छातीवाली, हातपाय नसलेली. त्याला आता सात महिने झाले. माझं प्रॅक्टिकल झालं, पास पण झाले, म्हणलं आता निवांत लिहावं, कारण घ्यायच्या आधी आम्हाला याबद्दल मराठीत सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

घ्यायची का, तर घ्याच. मिरजेला आमच्या क्लासमध्ये बावीस जणांत एक डमी, दोन मिनिटं पण धड हाताला लागायची नाही. आणि सीपीआर वाचून येत नाही हो. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास, हे मला झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पण विश्रामबागच्या रूमवर सतरंजी अंथरून पहिल्यांदा बसले आणि दीड मिनिटात दंड भरून आले, कोपरं वाकायला लागली. दर २ मिनिटांनी दाबणारा माणूस बदला असं का सांगतात ते तेव्हा कळलं. कोपर ताठ, खांदे हाताच्या बरोबर वर, जोर कमरेतनं, हे अंगात मुरायला मला तीन आठवडे लागले. गुडघ्याखाली जाड काहीतरी घ्या, फरशीवर लई दुखतं.

आता मेन गोष्ट. या डमीत क्लिकर आहे, दाब पुरेसा खोल गेला की आतनं टक् असा आवाज येतो. सुरुवातीला तो आवाज ऐकून भारी वाटायचं, पण माझी सवय तिथंच बिघडली. टक् वाजवायच्या नादात मी हात वर येताना पूर्ण सोडतच नव्हते, छातीवर रेलूनच पुढचा दाब द्यायचे. सरांनी एकदा थांबवलं आणि म्हणाले, "अगं छाती वर येऊ दे की, तेवढ्यातच हृदयात रक्त भरतंय." डमीला हे कळत नाही, ती रेललं तरी टक् वाजवते. मग रूममेटला बाजूनं मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावायचे आणि दोघी हळू करून बघायचो. ज्यांच्याकडं डमी आहे त्यांनी हे पहिल्या आठवड्यापासून करा, मी दोन महिने चुकीचं घोकलं.

दुसरं म्हणजे चौथ्या महिन्यात टक् सोप्पं वाजायला लागलं. मला वाटलं माझी ताकद वाढली. मग शंका आली म्हणून कंपासमधली पट्टी छातीशेजारी उभी धरली आणि बघितलं तर जेमतेम ४ सेंटीमीटरला वाजत होतं, स्प्रिंग ढिली पडलेली! ज्यांच्याकडनं घेतली त्यांना फोन केला तर "वापरलं की असंच होतं मॅडम" म्हणाले. होत असेल, पण मग घेताना सांगायला पाहिजे होतं, कारण त्या आवाजाच्या भरवशावर एखादा पोरगा खरंच कमी दाबायची सवय लावून घेईल. महिन्यातनं एकदा पट्टी लावाच.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, मान नीट मागं झुकवून हनुवटी उचलल्याशिवाय हिची छाती फुगतच नाही. पहिल्या दिवशी मी फुंकून फुंकून थकले, छाती काही वर येईना. मान थोडी अजून मागं घेतली आणि आतली पिशवी अलगद वर आली, ते बघून अंगावर काटा आला. आमचं गाव कृष्णेकाठचं, पलूस तालुक्यातलं. ऑगस्ट २०१९ चा पूर आणि ब्रह्मनाळची बोट उलटली तो दिवस आमच्यातलं कुणी विसरलेलं नाही. बुडालेल्या माणसाला नुसतं छाती दाबून भागत नाही, त्याला हवाच मिळालेली नसते, श्वास द्यावेच लागतात. मी हा कोर्स धरला तो त्याच्यासाठीच.

फुफ्फुसाच्या पिशव्या मात्र लवकर संपतात, पाच जास्तीच्याच मागवा. आणि तोंडाचा भाग प्रत्येकीनंतर स्पिरिटनं पुसा, कंटाळा करू नका.

हिला नाडी नाही, हे लक्षात असू द्या. परीक्षेत आधी जागा सुरक्षित आहे का बघा, हाक मारा, १०८ ला फोन करायला सांगा, मग श्वास आणि मानेची नाडी, ते पण १० सेकंदांच्या आत, हे सगळं क्रमानं बघतात. डमीवर सराव करताना आपण थेट दाबायलाच बसतो आणि मार्क तिथंच जातात. नाडी शोधायचा सराव आम्ही एकमेकींवर केला, एका वेळी मानेच्या एकाच बाजूला, दोन बोटांनी. पहिल्यांदा मला रूममेटची नाडी सापडायलाच अर्धा मिनिट लागला होता.

बाकी तिघींचं पण प्रॅक्टिकल उरकलं, डमी विकू म्हणत होत्या, मी त्यांचे पैसे देऊन टाकले. नवीन स्प्रिंग मागवलीय. ती बसली की पावसाळ्याच्या आधी हिला गावाकडं न्यायचीय, आमच्या तालमीतली पोरं पुरात होडी घेऊन जातात, पहिल्यांदा त्यांचे हात बसवायचेत.