'नॅचरल कलर' म्हणून घेतलेले टेट्रा पाच महिन्यांत पांढरे पडले

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात माझाच बावळटपणा जास्त दिसतो. पण परवा ओळखीतल्या एकाने तसेच मासे घेतल्याचा फोटो पाठवला, गुलाबी निळे जांभळे, खाली लिहिलेलं "बघ कसले भारी आहेत", तेव्हा म्हटलं आता टाईप करूनच टाकू.

मासा म्हणजे ब्लॅक स्कर्ट टेट्रा, विडो टेट्रा पण म्हणतात त्याला. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अंगाने चपटा, चंदेरी, कल्ल्यामागे दोन काळे उभे पट्टे आणि मागचा पर काळा, परकरासारखा घेरदार. याचाच एक पांढरा प्रकार पैदाशीतून तयार केलेला आहे. हे सगळं मला आज माहितीये, तेव्हा मला फक्त निळ्या लाईटखाली झुंडीने फिरणारे गुलाबी आणि निळे मासे दिसले आणि डोकं बंद पडलं.

माझा टँक तयार होता हे आधीच सांगते कारण पुढे सगळं खापर त्याच्यावर फुटलंय. ८० लिटर, स्पंज फिल्टर, हीटर २५ वर, मासे न टाकता पाच आठवडे चालवलेला, अमोनिया आणि नायट्राइट (पाण्यात साठणारी, माशांना विषारी द्रव्यं) दोन्ही शून्य येईपर्यंत मी थांबले होते. टेस्ट किटच्या नळीत थेंब मोजत बसायचे आणि घरचे हसायचे.

विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारला की रंग खरा आहे ना. "नॅचरल आहे ताई, ब्रीडच अशी येते." बरं म्हटलं, चार द्या. तर म्हणाला चार नका नेऊ, हा ग्रुपमध्ये राहणारा मासा आहे, कमी असले की बिथरतात, एकमेकांचे पर कुरतडतात, आठ-दहा तरी न्या. आता हे शंभर टक्के खरं आहे, आणि मी नेमकी तिथेच फसले, कारण आदल्या रात्री मी हेच वाचलेलं, त्यामुळे मला वाटलं की हा माणूस माशांचं भलं बघतोय. दहा घेतले, पाच गुलाबी पाच निळे.

त्या 'नॅचरल'नंतर त्याने मला धडधडीत खोटं असं काही सांगितलंच नाही. जे सांगितलं ते दुसऱ्या कुठल्यातरी माशाबद्दल, दुसऱ्या कुठल्यातरी परिस्थितीत खरं असलेलं. मी घरी जाऊन तपासायचे आणि ते खरं निघायचं, मग परत विश्वास.

तिसऱ्या दिवशी एक निळा गेला. पाचव्या दिवशी दोन गुलाबी, पाठीवर कापसासारखं पांढरं आलेलं. फोन केला तर म्हणे नवीन टँकमध्ये असं होतं ताई, पाणी सेट झालेलं नसतं. मी रीडिंग सांगितलं तर म्हणे किटवर काय जाताय, आणि निळ्या औषधाची बाटली दिली, मिथिलीन ब्लू. ती मी आज्ञाधारकपणे टँकमध्येच ओतली. वेगळ्या डब्यात द्यायचं औषध ते, टँकमध्ये टाकलं की फिल्टरमधले, अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरिया मरू शकतात, हे मला अमोनिया ०.५ वर गेल्यावर कळलं. अजून दोन मासे गेले, आणि आता पाणी खरंच खराब होतं म्हणजे त्याचंच बरोबर ठरलं! टँकच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन तेव्हा निळं झालं ते आजही निळंच आहे. माशांचा रंग उडाला, सिलिकॉनचा नाही.

उरले पाच. दुसऱ्या महिन्यात मला वाटायला लागलं की गुलाबी जरा फिके दिसतायत. विचारलं तर उत्तर, टेट्राचा रंग अंधारात फिका होतोच, सकाळी लाईट लावल्यावर बघा. हे पण खरं, पण निऑन आणि कार्डिनल या वेगळ्या टेट्रांच्या बाबतीत. त्यांचा निळा पट्टा हा रंग नसतोच मुळात, कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून उजेड परत येतो म्हणून तो निळा चमकतो, रात्री मंद होतो आणि लाईट लावल्यावर थोड्या वेळात परत येतो. मी एका रविवारी सकाळी खुर्ची टाकून बसले, लाईट लावला, दहा मिनिटं, वीस, तासभर. खायला मिळेल म्हणून मासे काचेला येऊन चिकटले, रंग काही आला नाही.

मग 'कलर फूड' आलं. लाल-केशरी माशांचा रंग अ‍ॅस्टाझँथिन या लालसर रंगद्रव्याच्या खाद्याने खुलतो हे खरं आहे. पण निळा कुठून खुलणार त्याने? हा प्रश्न मला दोन महिने खाद्य घालून झाल्यावर सुचला, आणि तोपर्यंत निळे मासे गुलाबींच्याही आधी धुतल्यासारखे झाले होते. शेवटी त्याने सांगितलं की ब्लॅक स्कर्ट वय झालं की फिका पडतो. पडतो ना, काळ्याचा करडा होतो. पण माझे काळे नव्हतेच हो!

एका जुन्या हौशी माणसाला घरी बोलावलं तेव्हा उलगडा झाला. त्यांनी टँकचा लाईट बंद करायला लावला, उरलेल्यातला सगळ्यात गुलाबी मासा काचेच्या बरणीत घेतला आणि बाजूने साधा पांढरा टॉर्च मारला. रंग अंगभर नव्हताच. पाठीखाली एक लांबट डाग, मधे तुटलेला, पोटाकडे काही नाही, पर आणि शेपूट एकदम दुधी. कल्ल्यामागे ते दोन उभे पट्टे अगदी पुसट दिसत होते, म्हणजे हा पांढरा स्कर्ट टेट्राच. आणि डागाच्या कडेला खवल्याखाली एक बारीक टेंगूळ. ते एवढंच म्हणाले, "रंगवलाय."

रंगवतात कसे तर एक म्हणजे सुईने रंग टोचतात, माशाच्या मानाने ती सुई म्हणजे भाला आहे. दुसरं म्हणजे आधी अंगावरचा चिकट थर रसायनाने काढायचा आणि मग रंगाच्या पाण्यात बुडवायचं. तो थर म्हणजे माशाचं चिलखत, तो गेला की बुरशीला रान मोकळं, म्हणजे माझे पहिल्या आठवड्यातले मासे का गेले ते पाण्यात शोधायची गरजच नव्हती. हा प्रकार नवीन पण नाही, आपल्याकडच्याच काचमाशाला, तो आरपार दिसणारा, असाच रंग टोचून 'पेंटेड ग्लासफिश' म्हणून जगभर विकलं गेलं, आणि ब्रिटनमध्ये प्रॅक्टिकल फिशकीपिंग मासिकाने १९९६ पासून याच्याविरुद्ध मोहीम चालवली. मी हे घेण्याआधी शोधलं असतं तर पाच मिनिटांत सापडलं असतं, पण मी शोधलं काय, तर 'टेट्रा किती ठेवावेत'.

आणि एक गोंधळ होतो तो सांगते. ग्लोफिश वेगळे. ते जनुक बदलून केलेले, २००३ मध्ये अमेरिकेत झेब्रा डॅनिओपासून विक्री सुरू झाली, नंतर स्कर्ट टेट्राचेही आले. ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, पण तो रंग जन्मापासूनचा असतो, अंगभर असतो, उडत नाही आणि पिल्लांतही उतरतो. विकणारे रंगवलेले मासे मुद्दाम निळ्या लाईटखाली ठेवतात ते यासाठीच, बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. म्हणून लाईट बंद करायला सांगा, मोबाईलचा टॉर्च मारा, पर बघा. एकाच टँकमध्ये एकाच आकाराचे चार रंगांचे मासे आणि नावं फळांची, असं असेल तर टॉर्च काढायची पण गरज नाही.

त्याला जाऊन विचारलं मी. भांडायचंच ठरवून गेले होते. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी पण रंगीतच विकत घेतो, मी कुठे रंगवतो?" बहुतेक तेच एक वाक्य तो पूर्ण खरं बोलला असावा. त्याच्या टँकमध्ये तेव्हा हिरवे आले होते.

माझे पाच आता पांढरे आहेत आणि तब्येतीने ठणठणीत, सोबतीला तीन साधे काळे आणलेत, आठ जण मस्त झुंडीने फिरतात. त्या बरणीतल्या माशाच्या पाठीत अजून एक गुलाबी धागा आहे, कोणत्या बाजूने वळतो त्यावर दिसतो किंवा नाही. परवाच्या फोटोवाल्याला मी टॉर्च मारून परत फोटो काढायला सांगितलं. काल रात्री पाठवला त्याने. पर दुधी आहेत.