धार लावायला दिलेलं चाक परत आलंच नाही

मोटरसायकलच्या मागच्या सीटवर ग्राइंडर बांधून 'हॉटेल लाइनची धार, सुरी-कात्री-मिक्सर' असं ओरडत दोन माणसं तुमच्या सोसायटीत आली, तर घरातली एकही वस्तू त्यांच्या हातात देण्याआधी हे वाचा. रक्कम फार मोठी नाही. पण ती त्यांनी कशी काढली आणि जाताना काय नेलं हे कळलं तर निदान दुसरं कुणी वाचेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी चिंचवडला राहते. चार वर्षं झाली, शनिवार-रविवारी घरूनच पिझ्झ्याच्या ऑर्डर घेते. बेस मी करते, सॉस मी शिजवते. बहुतेक ऑर्डर मुलांच्या वाढदिवसाच्या असतात आणि आयांची अट एकच असते, तुकडे कापून द्या. एका दिवसाला १५ पिझ्झे म्हणजे १२० तुकडे. पिझ्झा कटर हे माझं पोटापाण्याचं हत्यार आहे.

हा कटर माझ्या धाकट्या बहिणीनं जर्मनीहून पाठवला होता. ती ड्युसेलडॉर्फला राहते आणि तिच्याजवळच झोलिंगेन आहे, चाकू-कात्र्यांसाठी शेकडो वर्षं नावाजलेलं गाव. त्या भागात बनलेल्या पात्यांवरच ते नाव टाकता येतं, असा कायदाच जर्मनीत १९३८ मध्ये झाला. माझ्या कटरच्या चाकावर मधल्या भोकाशेजारी ते नाव बारीक अक्षरांत कोरलेलं होतं. चार इंची चाक, आणि धुवायला सोपं जावं म्हणून स्क्रू काढला की चाक सुटं होणारं. ती सोय पुढे त्यांच्या कामाला आली.

आमच्या घरात चाकाचं हत्यार म्हणजे कातण. आजीचं पितळी कातण अजून माझ्याकडे आहे, दिवाळीत करंज्यांच्या कडा त्यानंच कापते. त्याला धार लावलेली कधी कुणी पाहिली नाही, कारण कच्ची पारी मऊ असते. पिझ्झ्याचं तसं नाही. खालचा थर भाजून कडक होतो, वर चीज चिकट असतं, त्याला चाक खरंच धारदार लागतं. शिवाय दोन वर्षं मी पिझ्झा ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्येच ठेवून कापत होते. धातूवर धातू घासून धार दुमडत गेली आणि एकाच रेषेवर तीन-तीनदा चाक फिरवावं लागायला लागलं. धार लावायचीच होती, आणि नेमकी ती माणसं दारात आली.

दसऱ्यानंतरचा शनिवार. दुपारचे अडीच. वॉचमन जेवायला गेलेले. पाच वाजता पहिली ऑर्डर द्यायची होती आणि कणीक फुगायला ठेवली होती. मी खिडकीतून विचारलं, "धारेचे किती?" एक जण म्हणाला, "चाळीस रुपये, ताई." मी आठ इंची सुरी आणि पिझ्झा कटर घेऊन खाली गेले. त्यानं सुरी तिथेच मशिनीवर धरली. ठिणग्यांचा नुसता फवारा उडत होता. कटर हातात घेऊन दुसरा म्हणाला, "हे गोल काम या दगडावर होत नाही. बाहेर टेम्पोत वेगळी मशीन आहे, वीस मिनिटांत आणतो." स्क्रू काढून दांडा त्यानं माझ्या हातात ठेवला आणि चाक घेऊन गेला. दांडा आपल्याकडे राहिला म्हणजे वस्तू आपल्याकडेच आहे, असं त्या क्षणी वाटतं. मी तशीच वर गेले.

अर्ध्या तासानं दोघंही वर आले. चाक आरशासारखं चकाकत होतं. माझ्यासमोर त्यानं स्क्रू बसवला, खिशातून छोटं चुंबक काढलं आणि चाकाला लावलं. चुंबक घसरून त्याच्या हातात पडलं. "बघा ताई, चुंबक धरत नाही. अस्सल स्टील आहे, जपून वापरा." मला ते पटलं. आईबरोबर भांडी घ्यायला जायचे तेव्हा तीही असंच चुंबक लावून बघायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सांगते.

मग त्यानं मोजायची टेप काढली. चाळीस रुपये नगाचे नव्हते, इंचाचे होते. चार इंची चाकाचा घेर साडेबारा इंच. धार दोन्ही बाजूंनी, म्हणजे २५ इंच. गुणिले ४०, झाले १,००० रुपये. सुरी आठ इंच, दोन्ही बाजू मिळून १६, त्याचे ६४०. एकूण १,६४०. हिशेब त्यानं इतक्या भराभर, तोंडपाठ सांगितला की असा तो किती दारांत सांगितला असेल हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. गणितात चूक नव्हती. दरच लपवलेला होता.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही चाळीस म्हणालात." तो म्हणाला, "चाळीसच घेतोय की." दुसरा दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला आणि आवाज चढवायला लागला, काम झाल्यावर पैसे बुडवता का, आम्हाला गरीब समजता का. घरात मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी. ती आतून येऊन माझा ओढणीचा शेव धरून उभी राहिली. तिच्याकडे बघून मी १,४०० रुपयांवर तोडलं आणि फोनवरून भरले. स्क्रीनवर आलेलं नाव एका बाईचं होतं. "वहिनीचं खातं आहे," म्हणाला. बिल नाही, कार्ड नाही. गाडीचा नंबर बघायचं मला सुचलंही नाही.

पाच वाजता पहिला पिझ्झा काढला. चाक ठेवून पुढे ढकललं तर ते डुगडुगत होतं, स्क्रूभोवती सैल, भोक मोठं असल्यासारखं. वरचं चीज कापलं न जाता गोधडीसारखं ओढून एका बाजूला गोळा झालं. खालचा थर तसाच अखंड. दुसऱ्यांदा जोर लावून फिरवलं आणि मागे काळपट रेघ उमटली. टिश्यूनं पुसली तर टिश्यूवर करडी-काळी पूड. धातूचा आणि दगडाचा कीस होता तो, आणि हा पिझ्झा सात वर्षांच्या मुलांच्या ताटात जाणार होता. चौदाशे रुपयांपेक्षा मला त्या रेघेचा राग जास्त आला, अजून येतो. तो पिझ्झा टाकला, दुसरा भाजला, कात्री गरम पाण्यानं धुऊन तिनंच सगळे तुकडे केले. ऑर्डर चाळीस मिनिटं उशिरा पोचली. त्या आईची मी माफी मागितली, त्या समजूतदारपणे घेऊन गेल्या.

रात्री भांडी घासताना स्क्रू काढला. चाकावर नाव नव्हतं. आधी वाटलं, घासण्यात पुसलं गेलं असेल. पण कोरलेली अक्षरं अशी जात नाहीत, आणि हे चाक हाताला जुन्या चाकापेक्षा स्पष्ट हलकं लागत होतं.

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात, भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेले. रविवारी सकाळी चाक आणि सुरी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावला आणि काही न बोलता कपाटातून कानस काढली. आधी स्वतःच्या जुन्या पटाशीच्या धारेवर फिरवली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. मग तीच कानस माझ्या चाकाच्या कडेवर फिरवली. ती खर्रकन चावली आणि वर्तमानपत्रावर चंदेरी भुकटी पडली. "अगं, याला पाणीच दिलेलं नाही, म्हणजे तापवून कडकच केलेलं नाही," काका म्हणाले. "हा भांड्याचा पत्रा आहे."

मग त्यांनी चुंबकाचं सांगितलं, आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. चांगल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियममुळे ते सहसा गंजत नाही, निकेलमुळे चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, पण तापवून पाणी देऊन कडकही होत नाही. पातेल्याला ते उत्तम. चाकू-सुरीचं स्टील वेगळं असतं. त्यात कार्बन जास्त असतो, ते तापवून एकदम थंड करून कडक करता येतं, आणि असं कडक झालेलं पातं चुंबकाला चिकटतंच. म्हणजे माझं खरं चाक चुंबकाला चिकटलं असतं. त्या माणसानं आपल्या घराघरातली भांड्यांची परीक्षा पात्याला लावून दाखवली आणि खोटं चाक खरं ठरवलं. धारेच्या वस्तूला चुंबक लागत नाही असं कुणी कौतुकानं दाखवलं, तर तिथेच सावध व्हा.

सुरीची तर वेगळीच गत. टोकाजवळ बोटाएवढा निळसर-जांभळा डाग पडला होता. मला वाटलं होतं, पॉलिशची झाक असेल. काका म्हणाले, साधं कार्बनचं पोलाद सुमारे ३०० अंशांवर असं निळं पडतं, स्टेनलेसला तर तो रंग यायला त्याहूनही जास्त तापावं लागतं. कोरड्या ग्राइंडरवर पातं दाबून धरलं, मध्ये मध्ये पाण्यात बुडवलं नाही, की कड अशी जळते आणि त्या जागेचं पाणी उतरतं. मग तिथे कितीही धार लावा, चार दिवस टिकत नाही. निळा भाग पूर्ण घासून मागे सारला तर सुरी वाचेल, पण लहान होईल. ज्या ठिणग्या बघून मला काम जोरात चाललंय असं वाटलं होतं, त्या ठिणग्यांखाली माझी सुरी जळत होती.

चौकीत अर्ज दिला. त्यांनी तो नोंदवून घेतला, पैसे गेल्याचा फोनवरचा तपशील जोडायला सांगितला. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण माझ्याकडे ना बिल, ना पत्ता, ना नाव. तक्रार करायची कुणावर? म्हणून सांगते, काम सुरू व्हायच्या आधी 'नगाला की इंचाला, आणि सगळे मिळून किती' हे दोन शेजाऱ्यांसमोर विचारा आणि आकडा मोबाइलवर लिहून त्यांनाच दाखवा. वस्तू नजरेआड जाऊ देऊ नका. 'मशीन गाडीत आहे' म्हणाले तर गाडीपर्यंत सोबत जा किंवा नको म्हणा. आणि देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. माझ्याकडे जुन्या चाकाचा एक तरी जवळून काढलेला फोटो असता, तर चौकीत नुसतं तोंडी सांगावं लागलं नसतं.

खरं तर पिझ्झा कटरला वर्षातून एक-दोनदा घरीच धार लावता येते, हे काकांनी त्याच दिवशी दाखवलं. वस्तऱ्यासारखी धार त्याला लागत नाही, उलट फार पातळ धार लवकर दुमडते. धार लावायचा हजार नंबरचा, म्हणजे बारीक कणांचा, पाण्याचा दगड भिजवायचा आणि खाली ओला कपडा घालायचा, म्हणजे तो सरकत नाही. चाकाच्या कडेला काळ्या मार्करची रेघ ओढायची. मग चाक दगडावर साधारण वीस अंशांत तिरकं धरून, थोडं थोडं फिरवत हलक्या हातानं घासायचं. मार्करची शाई कडेपर्यंत सारखी निघाली तर कोन बरोबर, नुसती वरच्या बाजूची निघाली तर चाक थोडं उचलायचं. एक बाजू झाली की दुसऱ्या बाजूला बोटानं हळूच चाचपायचं, बारीक खरखर लागते. ती पूर्ण घेराला लागली की बाजू बदलायची. शेवटी ती खरखर काढायला चिनीमातीच्या कपाच्या बुडाची न चकाकणारी कड पुरते, तिच्यावर दोन्ही बाजूंनी अलगद चार-चार वेळा फिरवायचं. स्क्रू काढून साबणानं धुवायचं, आणि वर्तमानपत्राचा तुकडा कापून बघायचा.

बाकी जपणूक अगदी थोडी आहे. पिझ्झा लाकडी पाटावर काढूनच कापा. टोमॅटोचा आंबटपणा आणि मीठ रात्रभर चाकावर राहू देऊ नका, लगेच धुऊन कोरडं करा. स्क्रूच्या जागी स्वयंपाकाचं तेल घालू नका, ते काही दिवसांनी चिकट होऊन चाक अडकतं. खाण्याच्या वस्तूंना चालणारं मिनरल ऑइल मिळतं, त्याचा एक थेंब पुरे.

गेल्या गुरुवारी आमचे नेहमीचे धारवाले मामा आले, सायकल स्टँडवर लावून पॅडल मारत दगड फिरवणारे. दोन-तीन महिन्यांनी एक फेरी असते त्यांची. सगळ्या धारवाल्यांना एका माळेत ओवू नका, हे मुद्दाम सांगते. मामांच्या हँडलला पाण्याचा पत्र्याचा डबा अडकवलेला असतो, आणि दोन-दोन फेऱ्यांनंतर ते पातं त्यात बुडवतात. इतकी वर्षं ते मी बघत होते, का बुडवतात हे आत्ता कळलं. मी शेजारी उभी राहून कात्री करून घेतली, तीस रुपये. मग ते खोटं चाक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी अंगठ्याच्या नखावर कड टेकवून पाहिली, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला आणि परत माझ्या हातात दिलं.

"याला धार बसायची नाही, बाई. उगाच पैसे कशाला घेऊ?"