भट्टीच्या कॉइलमध्ये ३२,५६८ रुपयांचा चुना

विजेच्या भट्टीत तापणाऱ्या तारेच्या २४ कॉइल, नग १,१५० रुपये, म्हणजे २७,६००. वर १८ टक्के जीएसटीचे ४,९६८. एकूण ३२,५६८. अर्धे ऑर्डर देताना, अर्धे माल निघायच्या आधी, दोन्ही वेळा यूपीआयने. आकडा पूर्ण लिहितोय, कारण "थोडेफार गेले" म्हटलं की लोक हसून सोडून देतात.

नमुना चोख आणि माल भंगार, ही युक्ती सगळ्यांना पाठ आहे. मलाही होती. तरी अडकलो, कारण यातला बोगस माल मीटरवर पास होतो.

२०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं, तेव्हापासून हीटर विकणाऱ्यांचं पीक आलंय. माझ्याकडे चार भट्ट्या विजेवर न्यायचं काम होतं. प्रत्येक भट्टी १२ किलोवॅट, वर तीन आणि खाली तीन कॉइल, दर फेजला दोन. पाव आणि नान दोन्ही काढायचे, म्हणजे आतलं तापमान ३५० अंशांपर्यंत. मागणी लेखी दिली होती: नायक्रोम ८०/२० (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियमची तार), १ मिमी म्हणजे साधारण १९ गेज, २३० व्होल्टला २,००० वॅट, कॉइलचा बाहेरचा व्यास ८ मिमी.

२३० चा वर्ग भागिले २,००० म्हणजे २६.४५ ओहम रोध. तार थंड असताना थोडं कमी दिसतं, २५ च्या आसपास. आलेल्या चोवीसच्या चोवीस कॉइल २५ ते २५.६ मध्ये. मी खूश! पण ओहम तर आखूड आणि बारीक तारेनेही जुळतात. १ मिमीच्या नायक्रोमला त्यासाठी १८ मीटर तार लागते, वजन सुमारे ११९ ग्रॅम. मला मिळाली ०.८ मिमीची लोह-क्रोम-अ‍ॅल्युमिनियमची तार, जेमतेम साडेनऊ मीटर, वजन ३४ ग्रॅम. वॅट तेवढेच, पण ते बाहेर टाकणारा पृष्ठभाग निम्म्याहून कमी. दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन वॅटऐवजी साडेआठ. एवढा भार घेतलेली तार भट्टीत तापत नाही, जळते.

अकराव्या दिवशी पहिली गेली. महिन्याभरात पंधरा.

आता ज्या गोष्टीचा राग अजून जात नाही ती सांगतो. खोका चांगला मोठा होता आणि कुरिअरच्या पावतीवर वजन छापलं होतं: १.२ किलो. खोक्यासकट! नुसत्या तारेचं वजन पावणेतीन किलोच्या वर हवं होतं. त्या पावतीवर मी स्वतः सही केली. खोका एका हाताने उचलून टेबलावर ठेवला. खोका मोठा का, तर कॉइल आधीच ओढून, लांब करून पाठवल्या होत्या. विक्रेता म्हणे, "तुमची मेहनत वाचवली, ताणूनच दिल्यात." खरा कॉइलवाला फेरे एकमेकांना चिकटलेली बंद कॉइल देतो, ताणायचं काम आपलं. बंद असत्या तर ८३ सेंटिमीटरच्या जागी ३३ सेंटिमीटरची कॉइल हातात आली असती आणि आंधळ्यालाही कळलं असतं. ताणलेली कॉइल कधीही घेऊ नका.

माझी अक्कल कुठे गेली होती, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की नमुन्याची कॉइल मी व्हर्निअरने मोजली होती, वजनही केलं होतं. लॉटचं केलं नाही, कारण समोर चार बंद भट्ट्या आणि मालकाचा तासाला एक फोन.

चुंबक खिशात ठेवा. ८०/२० नायक्रोमला चुंबक चिकटत नाही, लोह-क्रोम-अ‍ॅल्युमिनियमला चिकटतं. ही दुसरी तार मुळात वाईट नाही, तिचा चांगला ग्रेड तर नायक्रोमपेक्षा जास्त तापमान सोसतो. पण लाल झाली की ती लोळते, फेरे एकमेकांना टेकतात, तेवढा भाग शॉर्ट होऊन उरलेल्यावर भार वाढतो. शिवाय एकदा तापली की ठिसूळ होते, थंडपणी सरळ करायला गेलात की तुटते. तिला खोबणीचा पूर्ण आधार आणि जाड गेज लागतं. नायक्रोम सांगून ती बारीक करून विकणं ही शुद्ध लबाडी.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: "तुमच्याकडे व्होल्टेज जास्त आहे." जास्तीत जास्त २४१ मोजलं. त्याने वॅट १० टक्क्यांनी वाढतात, साडेतीनचे फार तर ३.८५ होतात. त्याने कॉइल अकरा दिवसांत मरत नाही. मग म्हणे, टोकं नीट जोडली नाहीत. टोकाची तार दुमडून दुहेरी पीळ दिला होता, स्टीलचे बोल्ट होते, आणि तुटलेली प्रत्येक कॉइल मधोमध तुटली होती. त्यानंतर फोन बंद.

पोलीस चौकीत दोन चकरा. "माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." मागितला एक माल आणि दिला दुसरा, ही फसवणूक नाही तर काय? जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८(४) झालं, एवढी माहिती मात्र कौतुकाने दिली. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच राजीखुशीने पाठवलेत. ग्राहक हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं थांबून कळलं की धंद्यासाठीची खरेदी असेल तर २०१९ च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठीच्या स्वयंरोजगाराला सूट आहे, पण ती सिद्ध करा, वकील लावा. लघुउद्योगांचं पोर्टल सुचवलं गेलं, ते निघालं थकलेली बिलं वसूल करणाऱ्या विक्रेत्यांसाठी! ज्याचं बुडालं तो दारोदार, ज्याने बुडवलं त्याच्यासाठी पोर्टल.

जीएसटी घेतला, पण हातात दिलं ते 'एस्टिमेट'. त्यावरचा नंबर जीएसटीच्या साइटवर टाकायला एक मिनिट लागतं. मी तो कॉइल जळल्यावर टाकला. नोंदणी रद्द झालेली होती.

बिलावर मिश्रधातू, तारेचा व्यास आणि प्रत्येक कॉइलचं वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या. 'हीटर कॉइल २४ नग' असं लिहिलेल्या कागदाला कोणी विचारत नाही. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, वजनकाटा कॅमेऱ्यात दिसू द्या. लॉटमधली कोणतीही एक कॉइल काढून पाच सेंटिमीटर कापा आणि मोजा. विक्रेता कापू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. नळीच्या हीटरमध्ये तर तार दिसतही नाही, तिथे एक जादा नग विकत घेऊन करवतीने कापायची तयारी ठेवा.

माझ्याकडे न जळलेल्या नऊ उरल्यात. त्या विक्रेत्याची जाहिरात अजून चालू आहे, फोटोत माझ्याच नमुन्याची कॉइल आहे.