खिशातला हेडफोन ॲम्प: छोट्या प्लेअरला जोडावा की नाही?

छोटा म्युझिक प्लेअर आणि बऱ्यापैकी हेडफोन हाताशी आले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मध्ये ॲम्प (ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाजाचा सिग्नल वाढवणारं छोटं यंत्र) लावायचा का? फोनमधला हेडफोनचा जॅक जायला लागला (आयफोनमधून तो २०१६ साली गेला), तेव्हापासून जुने प्लेअर कपाटातून बाहेर काढणारे बरेच जण भेटतात. कुणाकडे आयपॉड क्लासिक असतो, कुणाकडे सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस. दोन्ही यंत्रं छोटी, आवाजाला स्वच्छ, आणि आलाप रंगात आला असताना मध्येच कुणाचा फोन येत नाही हे सगळ्यांत मोठं सुख. मी या दोन्हींवर ॲम्प लावून आणि न लावून मनसोक्त ऐकलं आहे आणि आता एका बाजूला स्थिरावलो आहे. माझं ऐकणं मुख्यतः ख्याल आणि जुनं नाट्यसंगीत. रॉक किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याचा कौल थोडा वेगळा पडू शकेल, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला मुद्दा आवाज पुरण्याचा. तो प्लेअरपेक्षा हेडफोनवर जास्त अवलंबून आहे. प्लेअरमधून जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट मिळतो असं धरून चाला. ३२ ओमच्या (ओम हे विजेला होणाऱ्या अवरोधाचं माप) हेडफोनला त्यातून आठ मिलिवॅटच्या जवळपास मिळतात, आणि कानात घालायच्या बहुतेक इअरफोनना याचा छोटा हिस्सासुद्धा पुरून उरतो. तेवढ्याच व्होल्टेजवर सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओमच्या हेडफोनला मात्र एक मिलिवॅटही पुरता मिळत नाही. ऐकायला हे फार कमी वाटतं, पण शांत खोलीत चित्रपटगीतं किंवा भावगीतं तेवढ्यावर व्यवस्थित ऐकू येतात. अडतं ते ख्यालाला. विलंबितातली सुरुवातीची आलापी आणि शेवटच्या द्रुत ताना यांच्यातलं अंतर चांगल्या ध्वनिमुद्रणात जसंच्या तसं राखलेलं असतं, त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं फार हळू वाजतं. प्लेअरचा आवाज पूर्ण वाढवला तरी अजून थोडा हवा होता असं वाटत राहतं. असे हेडफोन आणि असं संगीत, दोन्ही एकत्र आले तर ॲम्पची गरज खरी आहे.

इथे नुसता ओमचा आकडा बघून ठरवू नका. एकेजी के७०१ फक्त ६२ ओमचा आहे, पण एका मिलिवॅटला तो ९३ डेसिबलच्या आसपासच आवाज देतो. कागदावर सोपा दिसणारा हा हेडफोन छोट्या प्लेअरला दमवतो. उलट, इटिमोटिकचा ईआर४एस १०० ओमचा असूनही मला प्लेअरवर कधी कमी पडला नाही, कारण तो कानात इतका घट्ट बसतो की बाहेरचा गोंगाट आतच येत नाही. लोकलमध्ये किंवा एसटीत ऐकणाऱ्यांसाठी हा मुद्दा मी ॲम्पच्याही वर ठेवीन. गाडीचा खडखडाट झाकायला आवाज वाढवत नेण्यापेक्षा खडखडाटच अडवलेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी धरलेली आहे. गोंगाटावर मात करण्याच्या नादात ती फार लवकर ओलांडली जाते, आणि हातात ॲम्प असला की आणखी लवकर.

दुसरा मुद्दा दर्जाचा. ॲम्प लावला की आवाज भरतो, डग्गा गोल वाजतो, तानपुऱ्याला जव्हारी येते, असं सांगणारे खूप आहेत आणि त्यांना तसं ऐकू येतं याबद्दल मला शंका नाही. पण जवळजवळ प्रत्येक वेळी ॲम्प लावलेला आवाज न लावलेल्यापेक्षा थोडा मोठाही असतो. कमी आवाजात आपल्या कानाला खर्जाकडचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच प्रयोगांनी दाखवलं होतं. आवाज किंचित वाढवला की डग्गा आपोआप पुढे येतो. दोन्हीकडचा आवाज कानाने शक्य तितका सारखा करून मी पुन्हा ऐकलं, तेव्हा चालवायला सोप्या हेडफोनवर मला फरक सांगता आला नाही. एचडी ६०० वर मात्र सांगता आला. तिथे द्रुत लयीतला तबला मोकळा वाटला. प्लेअर शेवटच्या टोकाला ताणला जात नव्हता, एवढंच त्याचं कारण असावं.

प्लेअरचा स्वतःचा अवरोध, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स, हाही बघण्यासारखा आहे. तो हेडफोनच्या ओमच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा असा रूढ ठोकताळा आहे. क्लिप प्लसचा एका ओमच्या आसपास आहे, म्हणजे १६ ओमच्या इअरफोनलाही तो चालतो. ज्या प्लेअरचा दहा ओम किंवा त्याहून जास्त असेल, त्यावर अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे चिमुकले स्पीकर) असलेल्या इअरफोनचा आवाज खरोखर बदलतो. तिथे चांगला ॲम्प सरळ फायदा करून देतो.

आता माझ्यापुरता निर्णय ज्या गोष्टीने लावला ती सांगतो. यंत्रांच्या वर्णनांत ती फारशी सापडत नाही.

मी बहुतेक वेळा रात्री ऐकतो, घरातले झोपल्यावर, आणि हळू ऐकतो. खिशातल्या बऱ्याच ॲम्पना आवाजासाठी फिरवायचा नॉब असतो. त्याच्या आत डाव्या आणि उजव्या कानासाठी दोन वेगळ्या पट्ट्या असतात आणि एकाच दांड्यावर बसवलेले दोन स्पर्शक त्यांवरून फिरतात. या दोन पट्ट्या हुबेहूब सारख्या बनवणं कठीण, आणि सगळ्यांत जास्त तफावत नॉबच्या अगदी सुरुवातीच्या भागात असते. नॉब थोडा पुढे गेला की दोन्ही बाजू जुळतात. पण हळू ऐकणारा माणूस नेमका त्या सुरुवातीच्या भागातच राहतो. माझ्याकडच्या ॲम्पवर तिथे डावी बाजू जास्त वाजायची. आणखी खाली नेलं की उजवी बाजू जवळजवळ बंद.

चित्रपटसंगीतात हे चटकन लक्षात येत नसेल, कारण तिथे वाद्यं मुळातच इकडेतिकडे पसरलेली असतात. जुन्या नाट्यसंगीताला ते लपत नाही. ७८ गतीच्या तबकड्यांवरून आलेलं सगळं ध्वनिमुद्रण मोनो. दोन्ही कानांत एकच आवाज, त्यामुळे गाणारा बरोबर डोक्याच्या मध्यावर उभा असतो. माझ्या ॲम्पवर तो डाव्या कानशिलाकडे सरकलेला असायचा. पद कितीही ओळखीचं असो, गायकाला पुन्हा मध्यभागी आणण्याची धडपड मनात चालूच राहायची. ख्यालात आणखी पंचाईत. गवयाच्या दोन्ही बाजूंना तानपुरे असतात, आणि स्टीरिओ ध्वनिमुद्रणात ते दोन कानांना वाटून आलेले असतात. एक बाजू दबली की एक तानपुरा मागे पडतो आणि ज्या षड्जाच्या घेऱ्यात बसून ऐकायचं तो घेरा एका अंगाला उघडा पडतो. रागाची बढत चालू असताना माझं लक्ष सुरावरून उठून नॉबवर जायचं. निवांतपणासाठी ऐकायला बसलेल्या माणसाला हे फार लागतं.

यावर उपाय आहेत आणि मी ते केले. ॲम्पला गेनचा (सिग्नल किती पट वाढवायचा याचा) खटका असेल तर तो कमीवर ठेवावा, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी नॉब जास्त फिरवावा लागतो आणि वाईट भाग मागे राहतो. माझ्याकडच्या ॲम्पचा कमी गेनसुद्धा हळू ऐकणाऱ्यासाठी जास्तच होता. दुसरा उपाय म्हणजे प्लेअरचाच आवाज खाली आणून ॲम्पचा नॉब वर न्यायचा. तफावत जाते, पण मग ॲम्पची स्वतःची सूक्ष्म सरसर कानात येते, विशेषतः संवेदनशील इअरफोनवर. शिवाय एक आवाज दोन ठिकाणी सांभाळायचा.

गंमत अशी की जोडणी जितकी चांगली करावी तितकी ही अडचण वाढते. आयपॉड क्लासिकच्या ३० पिनी डॉक जोडणीतून लाइन आउट, म्हणजे दुसऱ्या यंत्राला द्यायचा सिग्नल, काढता येतो, त्यासाठी वेगळी छोटी केबल मिळते. ॲम्पला देण्यासाठी हाच सिग्नल उत्तम, कारण प्लेअरचा स्वतःचा हेडफोन ॲम्प त्यात मध्ये येत नाही. पण लाइन आउटची पातळी ठाम असते, प्लेअरच्या आवाजाच्या चाकाने ती बदलत नाही. म्हणजे सगळा आवाज ॲम्पच्या नॉबवर, आणि रात्री तो नॉब पुन्हा त्याच वाईट कोपऱ्यात. क्लिप प्लसला लाइन आउटच नाही. तिथे हेडफोनच्या जॅकमधूनच ॲम्पला सिग्नल द्यावा लागतो, तत्त्वतः ते कमी शुद्ध, पण व्यवहारात माझा गायक तिथे निदान मध्यभागी उभा राहायचा.

प्लेअरच्या आतल्या आवाजनियंत्रणाला हा दोष जाणवण्याइतका नसतो. क्लिप प्लसवर अगदी खालच्या पायरीवरही दोन्ही तानपुरे सारखे वाजतात. ज्या ॲम्पमध्ये नॉबऐवजी बटणं असतात आणि आवाज चिपमधून कमी-जास्त होतो, त्यांचंही सहसा असंच असतं.

बाकीचे त्रास लहान आहेत. रबरबँडने एकमेकांना बांधलेले प्लेअर आणि ॲम्प झब्ब्याच्या खिशात जड होतात, मधली बोटभर केबल जॅकवर ताण देते आणि काही महिन्यांत एका बाजूला खरखर सुरू होते. दोन बॅटऱ्या, दोन चार्जर. टूजीवर चालणारा फोन शेजारी असला तर ती केबल अँटेनासारखी वागते आणि कानात ठरावीक टरटर ऐकू येते. तसा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा प्रसारण चालू-बंद करतो, त्याचा तो आवाज. फोर-जी वापरणाऱ्यांना याचा त्रास सहसा होत नाही. यांतलं काहीही मी सहन केलं असतं.

म्हणून माझी विभागणी अशी झाली आहे. बाहेर जाताना आणि रात्री अंथरुणात क्लिप प्लस एकटाच, सोबत सोपे, कानात बसणारे इअरफोन. त्यात रॉकबॉक्स हे मोफत फर्मवेअर (प्लेअर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आहे, कारण त्यात रिप्लेगेन आहे आणि वेगवेगळ्या काळातल्या ध्वनिमुद्रणांच्या आवाजातली चढउतार त्याने आटोक्यात राहते. एक बैठक संपून दुसरी लागताना हात प्लेअरकडे जात नाही. दिवसा, घरात, टेबलाशी बसून एचडी ६०० वर ऐकायचं असेल तेव्हा ॲम्प जोडतो. त्या वेळी आवाज मोकळा ठेवता येतो, नॉब अर्ध्याच्या जवळ असतो, आणि ॲम्प आपलं काम सुरेख करतो. खिशातला म्हणून घेतलेला ॲम्प टेबलावरच राहतो, आणि मला तो तिथेच शोभतो असं वाटतं.

तुमच्याकडे ३०० ओमचा किंवा के७०१ सारखा चालवायला जड हेडफोन असेल आणि बदलायचा नसेल, तर ॲम्प घ्या, त्यात फार विचार करण्यासारखं नाही. आयपॉड असेल तर लाइन आउटची केबलही घ्या, मात्र हळू ऐकण्याची सवय असेल तर कमी गेन किंवा बटणांचा ॲम्प पाहा. हेडफोन अजून घ्यायचेच असतील तर ॲम्पला ठेवलेले पैसे मी सोप्या, चांगल्या हेडफोनमध्ये घालीन. मोठ्याने ऐकणाऱ्यांना माझी तक्रार क्षुल्लक वाटू शकेल, आणि त्यांच्या जागी ती तशी असेलही.

ॲम्प विकत घेण्याआधी मात्र स्वतःचा प्लेअर, स्वतःचे हेडफोन आणि एखादं मोनो नाट्यपद घेऊन दुकानात जा. आवाज पूर्ण बंद करा आणि नॉब शून्यापासून अगदी सावकाश फिरवत पहिला सूर ऐकू येईपर्यंत या. तो सूर कुठल्या बाजूने आला ते पाहा, मग तुम्ही रात्री ऐकता तेवढ्या आवाजावर थांबून अख्खं पद ऐका. तेवढ्यात गाणारा मध्यावर ठाम उभा राहिला तर त्या ॲम्पबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक पडतो, तेव्हा दुकानदाराने दाखवलेला नगच घरी न्या, खोक्यातला बंद नको.